एकाच प्लगमध्ये बी आणि कटिंग: एका रोपवाटिकेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका छोट्या रोपवाटिकेचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. झाडं, माध्यम (रोपं ज्यात वाढवतात तो पदार्थ) आणि कामाचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे. रोपवाटिका एक बाई आणि त्यांचा एक तरुण सहकारी मिळून चालवतात. टोमॅटो, ढोबळी मिरची, लेट्यूस आणि पिटुनिया ही रोपं बियांपासून होतात. शेवंती, कोलियस, जास्वंद आणि रोझमेरी कटिंगपासून, म्हणजे फांदीचा तुकडा कापून तो रुजवून.

पूर्वी सगळं काम सुट्या मिश्रणात चालायचं. ट्रे हातानं भरायचे, त्यामुळे एक कप्पा दाबून भरलेला तर शेजारचा भुसभुशीत. पाणी एकसारखं दिलं तरी प्रत्येक कप्प्यात ओल वेगळी. त्याहून मोठा त्रास कटिंग काढताना व्हायचा. मुळ्या नुकत्या फुटलेल्या असताना कटिंग उचलली की मिश्रण गळून पडायचं आणि कोवळी मुळं तुटायची. म्हणून मुळ्यांनी गड्डा धरेपर्यंत थांबावं लागायचं, आणि तोवर पुढच्या लागवडीला टेबल मोकळं नसायचं.

यावर उपाय म्हणून त्यांनी तयार प्लग, म्हणजे एका रोपापुरते माध्यमाचे बांधलेले छोटे गोळे, घ्यायचं ठरवलं. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. तयार प्लगचा खरा फायदा तोच आहे: माध्यम चिकटद्रव्यानं, जाळीनं किंवा कागदानं बांधलेलं असल्यामुळे मुळ्या थोड्या असतानाही प्लग अख्खा उचलता येतो.

प्लगचे प्रकार बरेच आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सहज चालत नाहीत. पाण्यात टाकल्यावर फुगणाऱ्या, जाळीत बांधलेल्या पीटच्या (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या) चकत्या असतात. पीट किंवा नारळाचा भुसा चिकटद्रव्यानं बांधून केलेले स्पंजसारखे प्लग असतात. कागदात गुंडाळलेले असतात, रॉकवूलचे (वितळवलेल्या खडकाच्या तंतूंचे) चौकोनी ठोकळे असतात, फेसाचे ठोकळे असतात. पीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी अंगाला लावून घेत नाही. वरून ओतलेलं पाणी बाजूनं निसटून जातं. नारळाचा भुसा सहज भिजतो, पण नीट धुतलेला आणि कॅल्शियम देऊन तयार केलेला नसेल तर त्यात सोडियम आणि पोटॅशियम जास्त असतं आणि तो खतातलं कॅल्शियम धरून ठेवतो. रॉकवूलचा सामू (पीएच) चढा असतो, त्यामुळे वापरण्यापूर्वी तो साधारण ५.५ सामूच्या पाण्यात भिजवावा लागतो. फेसाच्या ठोकळ्यात अन्नद्रव्य धरून ठेवण्याची ताकद जवळपास नसतेच.

या रोपवाटिकेनं पीट आणि नारळाच्या भुशाचे, चिकटद्रव्यानं बांधलेले प्लग निवडले. उंची जेमतेम अडीच सेंटीमीटर, डोक्यावर आधीच पाडलेलं भोक. बियांसाठी आणि कटिंगसाठी एकच माप घेतलं, कारण ट्रे एकच, साठवण एकच, हिशोब सोपा. पुढे जे घडलं त्याचं बरंचसं मूळ या सोयीत होतं.

अडचण

पहिली लागवड मिस्टिंगच्या, म्हणजे वरून बारीक धुकं फवारणाऱ्या, एकाच टेबलावर झाली. टायमर दिवसरात्र ठरावीक अंतरानं चालू होता, कारण कटिंगला दमटपणा लागतो आणि बियांनाही ओल लागते असा विचार होता.

टोमॅटो उगवला, पण इतका मागेपुढे की एका ट्रेमध्ये खरी पानं फुटलेली रोपं आणि नुकतीच मान वर काढणारी रोपं शेजारी शेजारी दिसत होती. ढोबळी मिरची निम्म्याहून कमी उगवली. लेट्यूस आणि पिटुनियाचे ट्रे जवळजवळ रिकामेच राहिले. उगवलेल्या टोमॅटोतली काही रोपं मातीच्या रेषेशी बारीक होऊन कोलमडली.

कटिंगमध्ये कोलियस छान रुजला. त्यावरून कुणी धीर धरू नये. कोलियस पाण्याच्या पेल्यातही रुजतो. शेवंतीची पानं बरेच दिवस टवटवीत होती, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटत राहिलं. हलक्या हातानं ओढून पाहिल्यावर ती अलगद निघून आली आणि खालचं टोक काळं, मऊ पडलेलं दिसलं. जास्वंदीनं पानं टाकली. रोझमेरीचं सगळ्यात वाईट झालं. खालून काळी पडत पडत ती वरपर्यंत गेली.

प्लगच्या माथ्यावर हिरवं शेवाळ धरलं होतं आणि ट्रे हलवला की बारीक काळी चिलटं उडायची. या चिलटांच्या अळ्या कुजणारं माध्यम आणि शेवाळ खातात, पण कोवळ्या मुळ्या आणि कटिंगच्या जखमेवर येणारी गाठही कुरतडतात.

बाईंनी तोवर बुरशीनाशकाची एक आळवणी करून पाहिली होती, म्हणजे औषध पाण्यात मिसळून मुळांशी ओतलं होतं. फरक पडला नव्हता. सहकाऱ्याचं म्हणणं होतं, "ताई, औषध बदलून बघू, हे जुनं झालंय." बाईंना मात्र प्लगच्या मालाबद्दलच संशय होता. सल्ल्यासाठी मला बोलावलं ते या टप्प्यावर.

तपासात काय दिसलं

औषध किंवा माल बदलण्याआधी प्लग उभा चिरून बघणं गरजेचं होतं. धारदार ब्लेडनं वेगवेगळ्या ट्रेमधले प्लग मधोमध कापले. प्रत्येकाचं चित्र सारखंच होतं. वरचा भाग तपकिरी, किंचित मोकळा. खालचा निम्म्याहून जास्त भाग जवळजवळ काळा, चकाकणारा, बोटानं किंचित दाबला तरी पाणी सुटणारा. शेवंतीच्या कटिंगचं टोक नेमकं या काळ्या भागात बुडालेलं होतं, कारण भोक खोल होतं आणि सहकाऱ्यानं कटिंग तळाला टेकेपर्यंत खोचली होती. एका जास्वंदीच्या सालीवर खालच्या बाजूला पांढरट फुगवटे आलेले होते. खोडाला हवा कमी पडली की सालीवरची छिद्रं अशी फुगतात. प्लग नाकाशी धरला तर आंबूस वास येत होता.

इथे माध्यमाच्या उंचीचा नियम समजून घ्यायला हवा. कुठल्याही भांड्यातून पाणी निथळून गेल्यावरही तळाशी एक थर पाण्यानं गच्च भरलेला राहतो. माध्यमातली बारीक छिद्रं ते पाणी धरून ठेवतात आणि खाली हवा आली की पाण्याला पुढे जायला वाट नसते. त्या थराची जाडी माध्यमावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. म्हणजे तेच माध्यम उंच कुंडीत भरलं तर गच्च थर तळाशी थोडासा राहतो आणि वर भरपूर वाफसा मिळतो. अडीच सेंटीमीटरच्या प्लगमध्ये तोच थर निम्मी जागा खातो. ट्रेला खाली कितीही भोकं असली तरी यात फरक पडत नाही. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. कटिंगच्या जखमेवर नवी पेशी तयार होण्याच्या ऐन वेळी तिला प्राणवायूच मिळत नव्हता. पिथियमसारख्या बुरशीसदृश रोगजंतूंचे बीजाणू पाण्यात पोहत जातात, त्यामुळे ते नंतर येणं ओघानंच आलं. बुरशीनाशकानं गुण आला नाही याचं कारण इथे होतं.

बियांच्या बाजूची गोष्ट थोडी वेगळी निघाली. प्लगच्या भोकाची खोली एक सेंटीमीटरहून जास्त होती. पिटुनियाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया असतात. इतकं बारीक बी भोकात टाकलं की थेट तळाला जातं. तिथे उजेड नाही आणि पाणी साचलेलं. पिटुनिया आणि लेट्यूस दोघांच्याही बियांना उगवताना उजेडाचा फायदा होतो. लेट्यूसचे ट्रे तर हीट मॅटवर (खालून ऊब देणाऱ्या चटईवर) होते, मिरचीसाठी २८ अंशांना लावलेल्या. मॅटची उष्णता प्लगपर्यंत पोचून ३० अंशांच्या आसपास गेली, तर लेट्यूसचं बी उगवायचं थांबतं. मिरचीचं उलट झालं होतं. मॅट २८ वर असली तरी सतत धुकं पडून बाष्पीभवन होत असल्यामुळे प्लगच्या आतला थर्मामीटर बराच खाली होता. हवेचं तापमान बघून कुणालाच हे कळलं नसतं.

पर्यायांचा विचार

बाईंचा पहिला कल जुन्या सुट्या मिश्रणाकडे परत जायचा होता. तो चुकीचा नव्हता, पण ज्या त्रासामुळे ते सोडलं तो त्रास तसाच परत आला असता. शिवाय बुटक्या कप्प्यात सुटं मिश्रण भरलं तरी तळाच्या पाण्याचा नियम तोच राहतो.

दुसरा पर्याय जास्त तीव्र बुरशीनाशकाचा. याच्या मी विरोधात होतो आणि तसं स्पष्ट बोललो. हवा नसलेल्या जागी औषध टाकून हवा येत नाही, आणि कोवळ्या मुळ्यांवर पुन्हा पुन्हा आळवणी केली तर मुळं फुटणंच लांबतं.

तिसरा पर्याय पाच सेंटीमीटर उंचीच्या प्लगचा. कटिंगसाठी हा उत्तम होता, कारण गच्च थराच्या वर दुप्पट तिप्पट मोकळी जागा मिळाली असती. पण घेतलेला माल पोत्यांनी पडून होता आणि उंच प्लगसाठी ट्रेही नवे लागले असते.

रॉकवूलचाही विषय निघाला. त्यात हवा आणि पाणी दोन्ही भरपूर राहतं हे खरं. पण सामू सांभाळायची, खत पहिल्यापासून मोजून द्यायची सवय त्या दोघांना नव्हती. नवी पद्धत शिकताना जुनी अडचण सुटली की नाही हेच कळलं नसतं, म्हणून ते बाजूला ठेवलं.

शेवटी ठरलं ते असं: हेच प्लग ठेवायचे, तळाचं पाणी ओढून काढायची सोय करायची, आणि बी व कटिंग यांचं पाणी पूर्ण वेगळं करायचं. उंच प्लगचा निर्णय पुढच्या मागणीपर्यंत थांबला.

एका गोष्टीवर मात्र वाद झाला. काळ्या पडलेल्या शेवंतीचं वरचं हिरवं टोक कापून पुन्हा लावायचं का? मातृझाडं (ज्यांच्यापासून कटिंग घेतात ती) थोडी होती, म्हणून बाईंना ते टाकवत नव्हतं. माझं म्हणणं होतं की एकदा अशी भूक आणि रोग दोन्ही सोसलेली कटिंग साठा संपवून बसलेली असते, आणि वर रोग चढला नसेल याची खात्री नसते. बाईंनी मध्यम मार्ग काढला: एक ट्रे पुन्हा कापलेल्या शेवंतीचा, तोही इतरांपासून दूर ठेवून, बाकीच्या सगळ्या नव्या.

केलेली कामं

सगळ्यात आधी टेबलाचे दोन भाग झाले. कटिंगच्या बाजूला जाळीवर बारीक, धुतलेल्या वाळूचा जाड थर पसरला आणि ओलसर केला. त्यावर तळ पूर्ण उघडा असलेले ट्रे ठेवले, म्हणजे प्लगचा बूड थेट वाळूला टेकेल. प्लगमधलं पाणी आणि वाळूतलं पाणी एकमेकांना जोडलं गेलं की प्लगची उंची वाळूच्या जाडीइतकी वाढल्यासारखं होतं आणि गच्च थर प्लगमधून वाळूत उतरतो. यात टेकणं फार महत्त्वाचं. काही कप्प्यांत प्लग थोडा वर अडकला होता आणि खाली बोटभर फट राहिली होती. ते प्लग आधीसारखेच काळे राहिले. नंतर प्रत्येक ट्रे ठेवताना तो किंचित घोळवून वाळूत बसवायची सवय सहकाऱ्यानं लावून घेतली.

कटिंग खोचण्याची पद्धतही बदलली. टोक तळाला न टेकवता दीड सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे खाली साधारण एक सेंटीमीटर प्लग शिल्लक राहील इतकं. भोक कटिंगपेक्षा रुंद असेल तर बाजूनं चिमटीनं दाबून घ्यायचं, कारण पोकळीत हवा असली तरी ओल नसते आणि मुळ्या फुटून तिथेच सुकतात. भोक फार अरुंद असेल तर आधी काडीनं मोठं करायचं, नाहीतर आत सारताना आयबीएची (मुळं फुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाची) पावडर काठावरच पुसली जाते. शेवंतीसारख्या कोवळ्या खोडाला ०.१ टक्क्याची, जास्वंदीच्या अर्धपक्व फांदीला ०.३ टक्क्याची पावडर वापरली. जास्वंदीची मोठी पानं निम्मी कापली.

मिस्टिंगचं वेळापत्रक घड्याळावरून काढून पानावर आणलं. पानावरची ओल जाऊन ते निस्तेज दिसायला लागलं की थोडा वेळ धुकं. रात्री पूर्ण बंद. मुळ्यांची गाठ दिसू लागली की अंतर वाढवायचं. रोझमेरी या टेबलावरून उचललीच. तिच्या अंगाला धुकं मानवत नाही. तिला सावलीत, वरून सैल झाकण घालून, दोन पाण्यांमध्ये प्लगचा माथा फिका होईल इतकी कोरडी ठेवली.

बियांच्या बाजूला भोकांचा बंदोबस्त आधी केला. पिटुनिया आणि लेट्यूससाठी भोक बारीक व्हर्मिक्युलाइटनं (तापवून फुगवलेल्या हलक्या खनिजानं) काठोकाठ भरलं, बी वर ठेवलं आणि झाकलं नाही. टोमॅटो, मिरचीसाठी भोक निम्मं भरून बी टाकलं आणि वर पातळ थर दिला. मिरची हीट मॅटवर ठेवली, पण आता प्लगच्या आतल्या थर्मामीटरवर २७–२८ दिसेपर्यंत मॅट चढवली. लेट्यूस मॅटवरून काढून १८ ते २० अंशांच्या जागी हलवलं.

पाण्यासाठी वजनकाटा वापरायला सुरुवात केली. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी काम वाटतं. ट्रे पूर्ण भिजवायचा, तासभर निथळू द्यायचा आणि वजन लिहून ठेवायचं. हे त्याचं भरलेलं वजन. बियांचे मोड बाहेर येईपर्यंत ट्रे त्या वजनाच्या जवळ ठेवायचा. मोड प्लगमध्ये शिरला की वजन हळूहळू उतरू द्यायचं, माथा फिका झाल्यावरच पुढचं पाणी. सहकाऱ्यानं काही दिवसांतच वजन आणि रंगाची सांगड घातली आणि नंतर काटा फक्त शंका आली तर निघायचा. बीजदलं पसरल्यावर हलकं खत सुरू केलं, सुमारे ५० पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत ५० भाग) नत्रापासून. इतक्या छोट्या प्लगमध्ये स्वतःचं अन्न फारसं नसतं, पण भरपूर खत दिलं तर क्षार साठायलाही वेळ लागत नाही.

चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे लावले. कच्च्या बटाट्याच्या चकत्या माथ्यावर ठेवल्या. दोन दिवसांनी उलटून पाहिलं की अळ्या किती आहेत ते कळतं. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या, अळ्या मारणाऱ्या जिवाणूच्या इस्रायलेन्सिस उपजातीची आळवणी केली. मात्र माथा सुकायला लागल्यावर शेवाळ गेलं आणि चिलटंही ओसरली. आळवणीनं किती आणि कोरडेपणानं किती, हे सांगणं अवघड आहे.

माझ्या आग्रहाखातर एक ट्रे जुन्याच पद्धतीनं ठेवला: वाळू नाही, टायमर तोच. बाईंना हे नासाडी करण्यासारखं वाटलं. त्यांनी शेवटी होकार दिला, पण ट्रे लहान निवडला.

निकाल

शेवंतीत फरक सर्वांत ठळक दिसला. ठरावीक दोन आठवड्यांच्या आत बहुतेक प्लगच्या कडेला पांढऱ्या मुळ्या टोचून बाहेर आल्या. जुन्या पद्धतीच्या ट्रेमध्ये तोवर काही कटिंग्जना नुकती गाठ आली होती आणि उरलेल्या काळ्या पडत होत्या. तो ट्रे नसता तर हवामान सुधारलं म्हणून सगळं सुधारलं, असं कुणीही म्हटलं असतं.

जास्वंद रुजली, पण वेळ घेत घेत. अर्धपक्व फांदीला तीन ते पाच आठवडे लागतात आणि तेवढे लागलेच. पुन्हा कापलेल्या शेवंतीचा ट्रे निम्मा रुजला. रुजलेली रोपंही बुटकी, फुटवे कमी असलेली झाली. बाईंनी ती विकली नाहीत, आणि तो निर्णय मला फार आवडला.

रोझमेरीनं अर्धवट साथ दिली. कुज थांबली, पण बरीच कटिंग्ज नुसती हिरवी राहिली, मुळी नाही. मातृझाडांना त्या वेळी फुलं आली होती. फुलावर आलेल्या फांदीची ताकद मुळ्यांकडे कमी जाते, त्यामुळे प्लगला दोष द्यायच्या आधी कोवळ्या, न फुललेल्या फांद्यांवर तो प्रयोग पुन्हा व्हायला हवा.

टोमॅटो आणि मिरची एकसारखी उगवली. लेट्यूसही. पिटुनिया सुधारला, पण समाधानकारक म्हणावा इतका नाही. व्हर्मिक्युलाइटचा माथा लवकर सुकतो आणि बारीक बी त्या सुकण्यात सापडतं. झाकण ठेवलं तर शेवाळ धरतं. बाईंनी पिटुनियासाठी बारीक चाळलेल्या सुट्या मिश्रणाचा एक ट्रे वेगळा ठेवायचं ठरवलं. याला माघार म्हणता येणार नाही. प्रत्येक बी या प्लगमध्ये गेलंच पाहिजे असा नियम नाही.

एक नवा त्रास मात्र पुढच्या पायरीवर उभा राहिला. रुजलेले प्लग कुंड्यांत लावल्यावर काही रोपं माती ओली असताना माना टाकू लागली. प्लगचा माथा मातीच्या वर राहिला होता. वर उघडा राहिलेला प्लग वातीसारखा आतलं पाणी वर ओढून हवेत सोडतो, आणि भोवतालची माती बारीक कणांची असेल तर तीही प्लगमधलं पाणी ओढून घेते. मुळं अजून प्लगच्याच आत असतात, त्यामुळे कुंडी ओली आणि रोप तहानलेलं. नंतरच्या खेपेला प्लगच्या माथ्यावर पातळ मातीचा थर दिला आणि पहिले काही दिवस पाणी थेट बुंध्याशी घातलं. माना टाकणं थांबलं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

खरेदीच्या वेळी एकच माप घेतलं, ती पहिली जागा. दोन मापांचे थोडे थोडे प्लग आणून एक छोटी चाचणी केली असती तर पूर्ण लागवड पणाला लागली नसती. प्लगची निवड करताना लोक कशाचा बनलाय ते विचारतात. मी आता आधी उंची विचारतो. कटिंगसाठी, विशेषतः सावकाश रुजणाऱ्या फांद्यांसाठी, उंची घटकांपेक्षा जास्त बोलते.

दुसरी जागा बुरशीनाशकाची. लक्षण काळं टोक होतं, म्हणून रोग समजला गेला आणि औषध आलं. कटिंग कापलेल्या टोकापासून वर काळी पडते आहे की मातीच्या रेषेशी खोड बारीक होतंय, हे बघायला हवं होतं. पहिलं असेल तर आधी पाणी आणि हवा तपासावी. दुसरं दिसलं तर रोपं कोलमडवणारा रोग समजून ट्रे वेगळा काढावा. इथे दोन्ही होतं: कटिंगमध्ये पहिलं, टोमॅटोत दुसरं. एकच आळवणी दोघांना दिली गेली.

तिसरी जागा शेवंती टवटवीत दिसत होती तेव्हाची. धुक्याखाली पानं ताजी राहतात, मुळी असो वा नसो. आठवड्याभरानं प्रत्येक ट्रेमधली एक कटिंग उपटून, चिरून बघायची सवय असती तर काळेपणा लवकर सापडला असता आणि मातृझाडांवरून नव्या फांद्या तेव्हाच घेता आल्या असत्या. एका ट्रेमागे एक कटिंग गमवायची तयारी ठेवणं इथे फायद्याचं ठरतं.

चौथी जागा सुधारणांची. वाळू, मिस्टिंग आणि खोचण्याची खोली तिन्ही एकाच वेळी बदलली गेली. घाई समजण्यासारखी होती. रोपांची मागणी वाट बघत नव्हती. पण त्यामुळे शेवंती वाळूमुळे रुजली, की रात्रीचं धुकं थांबल्यामुळे, की टोक वर आल्यामुळे, हे या लागवडीतून सांगता येत नाही. जुन्या पद्धतीचा ट्रे फक्त तिघांचा मिळून परिणाम दाखवतो.

आणि एक जागा अशी, जिथे निर्णय चांगला झाला तरी धोका उरला. बांधलेला प्लग लवकर उचलता येतो, म्हणून तो लवकर उचलायचा मोह होतो. कडेला दोनतीन मुळ्या दिसल्या की सहकारी ट्रे लावणीला पाठवू लागला होता. प्लग हातात टिकतो याचा अर्थ रोप टिकेल असा होत नाही. आता तो प्लगच्या चारी बाजूंनी मुळ्या दिसेपर्यंत थांबतो. पण मुळ्या तळाशी तपकिरी होऊन वळायला लागायच्या आत लावणी उरकतो. ही मधली मुदत कोलियसमध्ये फार थोडी असते, जास्वंदीत बरीच लांब.

पुढच्या लागवडीसाठी बाईंनी कटिंगकरता पाच सेंटीमीटरचे प्लग मागवले आहेत, बियांसाठी जुनेच. त्या लागवडीत शेवंतीचे चार ट्रे वेगळे ठेवायचं ठरलं आहे: बुटका प्लग वाळूवर, बुटका प्लग वाळूविना, उंच प्लग वाळूवर, उंच प्लग वाळूविना. धुकं, पावडर, खोचण्याची खोली आणि मातृझाड चारही ट्रेंचं एकच. रोझमेरीच्या फांद्या फुलं येण्याआधी घेतल्या जातील, आणि तिच्यासाठी फक्त उंच प्लग वापरला जाईल.